हात दाखवून

गिरणीच्या चौकात माझ्या स्कूटरपुढे एक काकू सायकलवर होत्या. पदर कमरेला खोचलेला, कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला दळणाचा डबा. उजवीकडे वळायचं म्हणून त्यांनी हात काढला, अगदी सरळ, खांद्याच्या रेषेत. असा हात हल्ली कोण दाखवतं? मला सायकल शिकवताना वडिलांनी आधी तो हात शिकवला होता, पायडल मारणं नंतर.

एक हात हँडलवरून सुटला की सायकल लटपटते, आणि मागचा डबा तिला एका अंगाला ओढतो. मागून येणारा थांबेल एवढ्याच भरवशावर माणूस तो हात हवेत धरतो. आपल्याकडे मात्र 'हात दाखवून अवलक्षण' म्हणतात, आणि त्या चौकात ते खरं होणार असं वाटलं. माझ्या उजवीकडून एक टेम्पो घुसला तो थेट त्या डब्यामागे. सायकल डुगडुगली. माझा अंगठा मात्र हॉर्नवरच दाबलेला होता.

टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "ओ काकू, हात काय दाखवताय? भविष्य बघायचंय का?"

काकूंचा हात खाली आला नाही. मान न वळवता त्या म्हणाल्या, "माझं भविष्य तुझ्या ब्रेकखाली आहे, बाबा. दाब!"

डब्यापासून वीतभर अंतरावर टेम्पो करकचून थांबला. तेव्हा कुठे माझा अंगठा हॉर्नवरून निघाला.