सुनेची शिकवणी
पावट्याच्या शेंगांचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. मी अन् बायको अंगणात शेंगा सोलत होतो अन् ती आमच्या बिहारच्या सुनेला मराठी शिकवत होती. “तुमच्या हिंदीत दोनच, बाप्या न्हाईतर बाई. आमच्यात तिसरं बी हाय. ते लेकरू, ते वासरू.” सून चाचरत म्हणाली, “तो वासरू?” मला हसू आलं. बायको खेकसली, “अवो, दात काय काढता? उद्या मी नसले तर आपल्या मार्गासनी गावच्या बाया हिला मुकी ठरवतील.” त्याच पहाटे बायकोच्या छातीत कळ आली अन् ती गेली. सकाळी बाया मढ्यापाशी हेल काढून, बोलून बोलून रडत होत्या. सून नुसती उभी. “सासूसाठी एक शब्द न्हाई हिच्याकडं,” एकीनं टोमणा मारलाच. म्या सुनेला हाताला धरून पुढं बसवलं अन् म्हणलं, “तुझ्या भाषेत रड, पोरी. तिला कळंल.”