पार्सल वहिनींकडे ठेवा

पाटीवर नुसतं ‘खेळ’ लिहिलेलं होतं, त्यामुळे चेंडू-बॅट मागायला आलेली माणसं हात हलवत परत जायची. इथे मिळायचे ते टेबलावर मांडून खेळायचे खेळ. पट, फासे, पत्त्यांचे गठ्ठे, रंगवून उभे करायचे बोटाएवढे सैनिक. मागच्या खोलीत हिरवं कापड टाकलेलं लांब टेबल होतं आणि शनिवारी संध्याकाळी त्याच्याभोवती ठरलेली मंडळी बसायची. दुकान नवऱ्याचं. तो गेला आणि गल्ल्यावर वहिनी बसल्या. नवऱ्याचे मित्र त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळी गल्लीच म्हणू लागली.

तो होता तेव्हा फाशांचा आवाज ऐकला तरी वहिनींच्या कपाळाला आठी पडायची. तो गेल्यावर त्यांनी एकेका खेळाची नियमांची पुस्तिका वाचून काढली. आवड लागली म्हणून नाही. घरी दुसरं काही वाचलं तर डोक्यात शिरत नव्हतं, आणि नियम निदान एकामागून एक यायचे. आता त्या कुठलाही खेळ भाजीचा भाव सांगावा तशा शिकवत. दातांच्या डॉक्टरांनी एकदा त्यांची दाढ काढली होती. सुई दिल्यावर गाल आपलाच असून परका वाटतो, तसं त्यांचं सगळं झालं होतं. फक्त सुईचा असर उतरत नव्हता.

गल्लीतली घरं दिवसभर कुलपात, दुकान मात्र उघडं. त्यामुळे कुणीतरी एकदा सुरू केलं आणि तोच पायंडा पडून गेला: पार्सल वहिनींकडे ठेवा. चपला यायच्या, औषधं यायची, मिक्सरचं झाकण यायचं. वहिनी सही करून ठेवून घ्यायच्या. मग खेळांचे खोकेही येऊ लागले. हलवलं की आत लाकडी सोंगट्या खुळखुळायच्या. इथल्या फळीवर बघितलेले, इथल्याच टेबलावर शिकलेले, आणि मोबाइलवर स्वस्तात मागवलेले.

“मावशी, हा तर तुमच्याच दुकानातला दिसतोय,” पार्सलवाला म्हणाला.

“माझ्या दुकानातला असता तर तुम्ही कशाला आणला असता?”

“मग ठेवून कशाला घेता? परत धाडा की.”

“घरी नसतात हो लोक.”

परगावी राहणारी मुलगी रोज फोनवर तेच विचारायची. “आई, दुकान किती ओढणार आहेस? ये ना माझ्याकडे. रात्री जेवलीस का, हे तरी मला डोळ्यांनी दिसेल.” एकदा वहिनी तिला म्हणाल्या, “डॉक्टरांनी तो जहाजांचा, बंदरांचा खेळ मागवायला सांगितलाय. त्यांनी नेला तर दुकान चालू. नाही तर सामानाला टेम्पो सांग.”

डॉक्टर म्हणजे तेच, दाढ काढणारे. नवऱ्याचे सगळ्यात जुने जोडीदार. तो गेल्यावर दुकान बंद होतं, तेव्हा त्यांनीच शटर वाजवून सांगितलं होतं, “वहिनी, शनिवार मोडायचा नाही.” बंदरांच्या त्या मोठ्या खेळाची नवरा आणि डॉक्टर दोघंही वर्षभर वाट बघत होते. “तो मागवाच. किंमत मी विचारणार नाही,” असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनींनी मागवला, ‘डॉक्टर’ अशी चिठ्ठी लावली आणि काउंटरखाली ठेवला.

गुरुवारी पार्सल आलं. नाव डॉक्टरांचं. एक कोपरा फाटला होता आणि आतून निळं पाणी न् जहाजाची डोलकाठी दिसत होती. पत्ता दुकानाचा का, हेही वहिनींना कळलं. थंडीत डॉक्टरांनी हीटर इथे मागवला होता, तोच पत्ता मोबाइलने धरून ठेवला असणार. त्यांनी सही केली. चिठ्ठी लावलेल्या खोक्यावर हा खोका ठेवला. दोन्ही अगदी सारखे बसले.

शनिवारी शिंपी आला, वाचनालयातल्या बाई आल्या, शेवटी डॉक्टर आले. वहिनींनी खोका त्यांच्यापुढे ठेवला. “तुमचं पार्सल.”

“नवी कवळी मागवलीत की काय?” शिंपी म्हणाला.

बाईंनी फाटका कोपरा वर केला. “अगं बाई! हा तर बंदरांचाच!”

डॉक्टरांचे कान लाल झाले. “त्याचं काय झालं वहिनी, सहज बघत होतो. निम्म्याला होता. चुकून बोट लागलं.”

“बोट लागलं म्हणे!” शिंपी म्हणाला. “कापड कापताना माझं असं बोट लागलं तर गिऱ्हाईक मला उभा चिरेल.”

“तुमचाही नेतो ना वहिनी. भाच्याला होईल.”

“तुम्हाला भाचा कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“होईल की कधीतरी!”

सगळे हसले, डॉक्टर जरा जास्तच. वहिनींनी काउंटरखालचा खोका काढला, चिठ्ठी सोलली, बिल केलं, पिशवीत घालून दिला. मग क्षणभर थांबल्या, आपल्या आत काही हलतंय का बघायला. काही हललं नाही. त्या मागे गेल्या आणि डॉक्टरांच्या स्वस्तातल्या खोक्यातून पट काढून नियम सांगू लागल्या. पहिलं जहाज कुणी हलवायचं, माल कुठे उतरवायचा. डॉक्टर पुन्हापुन्हा चुकत होते. त्या पुन्हापुन्हा तेच सांगत होत्या.

मंडळी गेल्यावर मुलीचा फोन आला. “नेला का डॉक्टरांनी?”

“नेला.”

“मग? दुकान चालू ना?”

“नाही. टेम्पो सांग.”

“अगं, पण नेला म्हणतेस ना?”

“दोन नेले,” वहिनी म्हणाल्या. “एक त्यांना हवा होता म्हणून, एक माझ्यासमोर लाजले म्हणून. दर शनिवारी माणसांना लाजवत बसायला नाही जमायचं मला.”

“आई, रडतेयस का?”

“नाही गं. तेच तर.”

सोमवारी पार्सलवाला आला तेव्हा अर्ध्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. त्याने तीन खोके काउंटरवर मांडले आणि इकडेतिकडे पाहिलं. “मावशी, हे काय?”

“पुढच्या महिन्यापासून ज्याचं त्याच्या घरी द्यायचं.”

“घरी कुणी नसतं हो.”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या, आणि आजच्या तिन्हींवर सह्या करून त्यांनी पेन त्याला परत दिलं.