मंगळवेढ्याहून आणलेल्या काळ्या मोली

सुरतेहून फोन आला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही मंगळवेढ्याला निघालो.

फोन माझ्या यजमानांना, श्रीनिवास यांना होता. लग्नाआधीपासून ते यंत्रमागावर टॉवेल विणायचे. दिवाळीनंतर कारखाना बंद पडला आणि सुरतेचा एक ओळखीचा मुकादम तिकडच्या मागावर कामाला बोलवू लागला. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत शोभेचे मासे वाढवून विकू, असं मी कधीची म्हणत होते. अडलं होतं ते कोणते मासे यावर. त्यांना महागडा फ्लॉवरहॉर्न हवा होता. "एक विकला तरी पुरे की!" मला साधे गप्पी. शेवटी ठरलं, मंगळवेढ्याजवळ शोभाताई म्हणून एक बाई घरीच पैदास करतात, त्यांच्याकडे जाऊन डोळ्यांनी बघायचं. नाही पटलं तर सुरत.

उन्हं वर यायच्या आत मोटरसायकल काढली. तिऱ्हे, कामती, बेगमपूर, रस्ता एकदम गुळगुळीत. पौषात जाणार असाल तर कानटोपी विसरू नका. भीमेच्या पुलावर वारं कापत जातं. बेगमपूरला चहा आणि गरम भजी झाली. पेट्रोल, खाणं धरून सगळी फेरी पाचशेच्या आत बसते. माचणूर मागे पडलं की दोन्ही बाजूंना नुसती ज्वारी, काळ्या रानात कणसं धरून उभी.  

शोभाताईंचं घर रानातच. हिरव्या जाळीखाली सिमेंटच्या टाक्यांची रांग. हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी पुढ्यात ठेवत त्यांनी पहिलंच विचारलं, "पाणी कुठलं हाय तुमचं?"

"बोरचं," मी म्हणाले. "साबणाला फेस येत नाही."

"मग मोली घ्या की. जड पाण्यात खुशाल ऱ्हाती. माझं बी पाणी तसलंच. मी आदी एंजल मासं आणलं हुतं, लई देखणं. अंडी घालायचं, आन् अंडी पांढरी पडायची. पिल्लू न्हाय म्हंजे न्हाय. लई रडले मी तवा."

"आणि फ्लॉवरहॉर्न?" श्रीनिवासनी विचारलं.

"त्येची जोडी जमवायची म्हंजे मारामारी, दादा. टाकी बी मोठी लागती. माझं तरी धाडस झालं न्हाय."

 श्रीनिवास उठून टाक्या बघत फिरू लागले. तेवढ्यात त्यांनी हाक मारली, "अहो ताई, हिला काय होतंय?"

एका टाकीत पोट फुगलेली काळी मोली कोपऱ्यात थरथरत होती. बघता बघता तिच्यातून काळा ठिपका सुटला, तळाशी गेला आणि शेपूट हलवत वर आला. मोली अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच देते, हे मी वाचलं होतं. डोळ्यांसमोर बघणं वेगळंच.

"काढा, काढा! आईच खाती त्यास्नी," म्हणत शोभाताईंनी त्यांच्या हातात चहाची गाळणी दिली.

श्रीनिवास गुडघ्यांवर बसले. चालत्या मागावर तुटलेला धागा पकडणारी बोटं ती. एकेक पिल्लू अलगद उचलून शेजारच्या टबात सोडत राहिले. "आणखी एक आलं बघ!" मला म्हणाले. कारखाना बंद पडल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

आम्ही मोलीच घेतल्या. पिशव्यांत ऑक्सिजन भरून शोभाताईंनी रबर बांधले. परतताना बेगमपूर आलं आणि माझी मांडी गार पडली. एक पिशवी गळत होती! श्रीनिवासनी गाडी चहावाल्याच्या दारात घातली. त्या मामांनी काही न विचारता बादली विसळून पुढे केली. पिशवीतल्याच पाण्यासकट मासे तीत सोडले.

"घिऊन जावा. पुन्ना याल तवा आणा बादली," मामा म्हणाले.

पुढचा सगळा रस्ता बैलगाडीच्या चालीनं. दोन्ही हातांनी बादली धरून मी मागे बसलेली. कामतीजवळ श्रीनिवास मान न वळवता म्हणाले, "सुरतेला सांगतो, जमणार नाही म्हणून."

 बादली सांडेल म्हणून मला डोळेही पुसता आले नाहीत.

तुम्हालाही हा उद्योग करायचा असेल तर आधी आपलं पाणी बघा, मग माशाचं रूप. आणि उन्हाळा विसरू नका. एप्रिलमध्ये पत्रा असा तापला की काही मासे गेलेच. आता वर ओली पोती टाकतो. शहरातला एक दुकानदार पिल्लं घेतो. काळी जास्त मागतो. मागाच्या पगाराएवढं अजून सुटत नाही, खोटं कशाला सांगू? म्हणून श्रीनिवास अक्कलकोट रोडला टॉवेलच्या पॅकिंगला जातात. पण संध्याकाळी आले की चपला काढून थेट गच्ची गाठतात. बराच वेळ खाली येत नाहीत. मग मीच दोघांचा चहा घेऊन वर जाते.