रोलरवाल्यांची मुरुडशेंग

निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी गल्लीत त्यांना सगळे रोलरवालेच म्हणत. सगळी नोकरी त्यांनी रस्त्याच्या रोलरवर काढली होती. त्या धडधडीत कान गेले. अगदी ठार बहिरे झाले नाहीत, पण समोरचा काय बोलतोय ते धड कळायचं नाही. हे कबूल करायची मात्र तयारी नव्हती. त्यांनी त्यावर सोपा तोडगा काढला होता: कोणी काही बोललं की मान हलवून "हो, हो" म्हणायचं. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं.

मुरुडशेंग त्यांना कामावरच भेटली. टेकडी फोडून रस्ता रुंद करायचं काम चालू होतं आणि जेवणाच्या सुट्टीत सावली उरली होती ती कडेच्या झुडपांची. त्यातल्या एकाला पीळ दिलेल्या दोरीसारख्या शेंगा लटकत होत्या. विटकरी रंगाची थोडी फुलंही होती आणि अंगठ्याएवढा एक पक्षी त्यांत चोच खुपसत फिरत होता. रोलरवाल्यांचा डबा संपला तरी ते बघत बसले. मुकादमाने कानाशी येऊन सांगितलं, "मुरुडशेंग म्हणतात हिला. उद्या मशीन आलं की ही पण जाणार." त्यांनी रिकाम्या डब्यात वाळलेल्या शेंगा भरल्या आणि घरी नेल्या.

बायकोने संध्याकाळी घासायला म्हणून डबा उघडला. "हे काय? हे शिजवायचं असतं का?"

"पेरायचंय," ते म्हणाले.

पेरलं, पण उगवलं काहीच नाही. पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. रोज सकाळी कुंड्यांवर वाकलेला नवरा बघून शेवटी बायकोच वैतागली. "अहो, एवढं कडक बी ते. कडधान्य तरी न भिजवता शिजतं का?" तिने चहाचं आधण उतरवलं, त्यातलं थोडं पाणी वाटीत ओतलं आणि उरलेलं बी त्यात रात्रभर ठेवलं. त्यातून थोडी रोपं आली, एक गोगलगाईंनी संपवलं, काही मान टाकून गेली. जे एक तगलं ते मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापलीकडे लावलं.

त्याला वाढायची अजिबात घाई नव्हती. पानं खरखरीत, पॉलिश पेपरसारखी. येणारा-जाणारा विचारायचा, उपयोग काय याचा? रोलरवाल्यांना हा प्रश्न मात्र नेमका ऐकू जायचा. "काही नाही. आहे आपलं," ते म्हणत. तिसऱ्या वर्षी पहिली फुलं आली. ती जुनी झाली की लाल रंग जाऊन राखेसारखी निळसर होतात हे त्यांना तेव्हा कळलं. बायकोला त्यांनी हात धरून दाखवायला नेलं. "विटलीच की," ती म्हणाली. पण नंतर कपडे वाळत घालताना ती तिथे रेंगाळायला लागली.

त्या वर्षी मुलाचं लग्न झालं. मुलगा जहाजावर, महिनोन्महिने बाहेर. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची, कामाला चोख, बोलायला मऊ. घरात तिचा आवाज कोणाला फारसा जाणवायचाच नाही.

उन्हाळा आला तशी मुरुडशेंगेने पानं टाकली. नुसत्या करड्या काड्या उभ्या राहिल्या. त्याच सुमारास म्हाताऱ्या जोडप्याला थोरल्या मेहुणीकडे जायचं होतं, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. रोलरवाले बॅगेची चेन ओढत होते. सून दारात येऊन म्हणाली, "बाबा, मागचं ते वाळलेलं झुडूप काढून टाकू का? कपडे अडकतात."

"हो, हो," बाबा म्हणाले.

परत आल्यावर चप्पल काढायच्या आधीच ते मागे गेले. अंगण लख्ख झाडलेलं होतं. जमिनीलगत करवतीने कापलेला बुंधा तेवढा होता. ते आत आले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. सुनेने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

"माझं काय चुकलं?" तिने सासूला विचारलं.

"ते झाड मेलं नव्हतं गं. उन्हाळ्यात असंच दिसतं."

सून पांढरीफटक पडली. "पण मी विचारलं होतं, आई. बाबा हो म्हणाले."

सासूला सगळं कळलं. ती तडक नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिने तुम्हाला विचारून कापलंय. तुम्हीच हो म्हणालात. न ऐकता."

रोलरवाले खुर्चीतून उठले. मग त्यांनी सुनेला हाक मारली. ती समोर आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"मला ऐकू येत नाही, बाळ," ते म्हणाले. "खरंच येत नाही. तुझी काही चूक नाही."

एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते बायकोलाच कळलं. सुनेच्या दुकानाशेजारी कानाचं यंत्र बसवणारा एक जण होता. तिने रजा टाकली आणि ती त्यांना घेऊन गेली. पहिले काही दिवस यंत्राने त्यांचा जीव खाल्ला. भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा, पंखा गुरगुरायचा. ते काढून ठेवायचे, सून परत हातात आणून द्यायची.

बुंध्याकडे ते फिरकत नव्हते. सून मात्र आंघोळीचं उरलेलं पाणी रोज गुपचूप तिथे ओतत होती. एके सकाळी दुकानाची वेळ झाली तरी ती मागेच उकिडवी बसलेली सासूने पाहिली. कापलेल्या लाकडाच्या खालून, सालीतून, तांबूस कोंब फुटले होते. एक नाही, चांगला घोसच.

"बाबांना सांगू का?" सुनेने विचारलं.

"सांग. आता ऐकू येतं त्यांना."

ते आले, चष्मा वर करून पाहिलं, एक कोंब बोटाने हलवून बघितला. "आधी एकच खोड होतं," ते म्हणाले. "हे रुंद होणार." मग ते कपड्यांच्या दोरीकडे बघत उभे राहिले आणि दुपारी त्यांनी खांब उपटून दोरी अंगणाच्या दुसऱ्या बाजूला नेली.

झुडूप खरंच रुंद झालं. कापल्याने मेलं तर नाहीच, उलट आडवं पसरलं. फुलं दोन वर्षांनी आली. आलेल्या शेंगांचं बी सुनेने तिच्या माहेरी नेलं. तिच्या आईच्या अंगणात दोन रोपं जगलीत. त्यातल्या एकाला बकरीने तोंड लावलंय, पण ते फुटेल असं रोलरवाल्यांचं म्हणणं आहे.