एकट्या खेळाडूचा देश

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतरचं हे पहिलं ऑलिंपिक. उद्घाटनाच्या संचलनात एकच खेळाडू असलेला देश दिसला, की ते नकाशाच्या पुस्तकात तो शोधून पेन्सिलीने बारीक खूण करायचे. काल ते पुस्तक मी मांडीवर घेतलं. एक मुलगी एकटीच झेंडा धरून आत येत होती, तेवढ्यात पानमसाल्याची जाहिरात लागली. हसरा नट, वर केशराचा पाऊस. जाहिरात संपली तेव्हा दुसराच जथा चालत होता.

“कुठला देश होता रे?” मी धाकट्या भावाला विचारलं.

“असेल एखादा बारका, दादा. आपले आले की हाक मार.”

जाहिरातीपेक्षा मला त्या उत्तराची किळस आली.

आपले आले. मी हाक मारली नाही. पेन्सिल निळ्या समुद्रावरून फिरवत राहिलो. खूण कुठे करायची तेच कळेना.