जुना पत्ता

दर आठवड्याला डबा जातो, मग पोरगा वाळतोय कसा, हा किडा यामिनीताईंच्या डोक्यातून जाईना. विहंग कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहून संगणकाचे ड्रायव्हर, म्हणजे त्याचे सुटे भाग चालवणारे प्रोग्रॅम, लिहायचा. यामिनीताई हावड्याहून एका माणसाकरवी त्याला थालीपीठं पाठवत. डबा लख्ख घासून परत येई, वर त्यात नारळाचे लाडू! पोराला वळण लागलं, असंच त्यांना वाटलं होतं.

रविवारी विहंग घरी आला तो वैतागूनच. "आई, नेटवर्क कार्डाला मी मेमरीतली जागा नेमून दिली होती. काम झाल्यावर ती नेमणूक मोडायची राहिली. जागा दुसऱ्या प्रोग्रॅमला गेली, तरी कार्ड आपलं तिथेच माहिती ओततंय. सगळी मशीन बंद पडतेय."

"कार्डाला सांगितलं नाही कोणी?"

"ते माझंच काम होतं गं!"

"बरं, थालीपीठं खमंग होती ना?"

"कुठली थालीपीठं?"

मग उलगडा झाला. चिरंजीवांनी दुर्गापूजेआधीच फ्लॅट बदलला होता.

"अरे, मग माझ्या थालीपीठांवर कोण ताव मारतंय?"

"नवा भाडेकरू असेल. तुला सांगायचं राहिलं."

"कार्डाचं राहिलं, आईचं राहिलं! तुझ्या हातून काही होतं का रे?"

"नवा पत्ता पाठवतो," म्हणून तो गेला, आणि तेही राहिलंच. यामिनीताईंनी चडफडत विहंगला फोन लावला. घर नंबर वदवून घेतल्याशिवाय आज ठेवायचाच नाही. आणि लाडू पाठवणाऱ्या त्या भाडेकरूचा डबा? तो मात्र चालू राहील, हेही त्याला ऐकवायचं.