सिस्टरचे टाके

पुस्तक परत करताना सिस्टर ते टेबलावर पालथं ठेवायच्या. कव्हरवरची डोंगराकडं बघत बसलेली पोरगी खाली, मागची बाजू वर. मग चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "शेवटी घाण केली बघा, मामा."

दर गुरुवारी हेच. मी आमच्या गावच्या वाचनालयात तेवीस वर्षं शिपाई होतो. त्यातली सोळा-सतरा वर्षं हे वाक्य ऐकलं. पुस्तकं बदलली, कपाटं बदलली, कमिटी तीनदा बदलली. वाक्य तेच.

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई. नाव सांगत नाही, गावातही कुणी नावानं हाक मारत नव्हतं. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. मिशीला पीळ देणारे पुढारी चौकात उभे असायचे, पण सिस्टर समोरून आल्या की विडी पाठीमागं धरायचे. ज्या बाईनं आपल्याला उलटं धरून रडवलं तिच्यापुढं ताठ्यात उभं राहता येत नाही.

त्यांना कादंबऱ्या लागायच्या. त्याही प्रेमाच्याच. मी एकदा म्हणालो, "सिस्टर, दर वेळी बिघडतंय तर सोडून द्या की. धार्मिक घेऊन जावा एखादं."

"मामा, दहा बाळंतपणं अवघड गेली म्हणून अकरावीला मी गेले न्हाई का?"

मी रजिस्टर पुढं केलं.

पण त्यांचा राग ऐकायला मजा यायची. चार वाजता वाचनालय उघडलं की पेपरवाली मंडळी यायला तासभर लागायचा. तेवढ्यात सिस्टर मला सगळी कादंबरी सांगून मोकळ्या व्हायच्या.

"पहिल्या पानावर धडक. ती धडकती, तेच्या हातातली पुस्तकं सांडतेत, झालं, जडलं प्रेम. मी तीस वर्षं दवाखान्याच्या वरांड्यानं पळाले. दिवसाकाठी दहा जणांला धडकले. एकाचं बी बसलं न्हाई. एकाचा दात तेवढा पडला."

कधी म्हणायच्या, "तिनं तेला दुसऱ्या बाईसंग बघितलं आन् रडत गाव सोडून गेली. अडीचशे पानं रडली. आन् ती दुसरी निघाली तेची बहीण! अगं, इचार की बाई. आपल्याकडं कोण कुणाची बहीण हे घागर भरूस्तोवर कळतं."

नायकाला ताप आला की त्यांचा खरा संताप व्हायचा. नायिका रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवते आणि सकाळी दोघांना प्रेम कळतं. "ताप किती व्हता? न्हाई लिवलं. गोळी दिली का? न्हाई. नुसत्या पट्ट्या! मेला असता तो."

एकदा मात्र त्या चिडल्या नाहीत. थकल्यासारख्या बाकावर बसल्या. पुस्तक नेहमीप्रमाणं पालथं ठेवलेलं. म्हणाल्या, "मामा, हेंच्याकडं शेवट दोनच हायत. एक तर मांडव, न्हाई तर मसणवाटा. लगीन लावतेत न्हाई तर बाईला मारून टाकतेत. मधल्या चाळीस वर्षांचं कुणी लिवतच न्हाई. पुस्तक जितं संपतं ना, तितून माझं काम सुरू व्हायचं."

त्यांच्या घरात माणूस नव्हतं. नवरा होता, पहिल्या नेमणुकीच्या गावातनंच कुठं निघून गेला असं बायका बोलायच्या. मी विचारलं नाही. असल्या गोष्टी गड्यानं विचारू नयेत.

आता शिवणाचं सांगतो, कारण ते गावात लई गाजलं.

एक दिवस आमचे सेक्रेटरी गुरुजी हातात कादंबरी नाचवत आले. शेवटची सोळा पानं काळ्या दोऱ्यानं शिवलेली. कडेनं एकसारखे टाके, शेवटी घट्ट गाठ. गुरुजी ओरडले, "मामा, उंदरं पुस्तकं खातेत हे ऐकून होतो. शिवतेत हे आजच बघितलं!"

मी टाका बघितला आणि ओळखला. माझ्या थोरल्या पोराच्या कपाळावर सिस्टरनी घातलेले तसेच तीन टाके होते. पण मी बोललो नाही. कपाट उघडलं तर आणखी सात पुस्तकं तशीच निघाली.

गुरुवारी सिस्टर आल्या. गुरुजींनी रजिस्टर चाळून नाव काढलं होतं, ते वाट बघतच होते. सिस्टरनी काही लपवलं नाही. "व्हय, म्या शिवलीत. लोकांच्या लेकीसुना वाचतेत, सर. या पानापस्तोर तेंला सुख हाय. फुडं कावून न्यायचं?"

"अहो, पण पुस्तक सार्वजनिक आहे!"

"मंग घाण बी सार्वजनिक करायची का?"

गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. कमिटीसमोर ठेवतो, कार्ड बंद करतो म्हणाले. मी मध्ये पडलो. म्हणालो, टाके मी उसवतो, माझ्यावर सोपवा. तेव्हापासून दर गुरुवारी सिस्टर पुस्तक पालथं ठेवायच्या आणि त्या गेल्या की मी ब्लेडनं टाके कापायचो. शिव्या देतच कापायचो. पण वर्षानुवर्षं कापले. आणि लोकांचा स्वभाव बघा. गावातल्या बाया हळूच विचारायला लागल्या, "मामा, शिवलेलं एखादं हाय का?" शिवलेलंच आधी जायचं, उसवायच्या आत.

आता माझी गोष्ट सांगायला पाहिजे. ती सांगायला जीभ जड होते, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी चौथी पास. अक्षर लावता येतं, पण ओल्या काळ्या रानात बैल चालावा तसं. एक पाय काढला की दुसरा रुततो. तेवीस वर्षं पुस्तकं सांभाळली आणि एकही पुरतं वाचलं नाही. पाठीवरचा नंबर आणि कव्हरचा रंग यांवर मी दोन हजार पुस्तकं ओळखायचो. कुणी विचारलं, मामा, हे कसं आहे, तर म्हणायचो, "बरं हाय, शेवट जरा लांबलाय." कुणाला कळलं नाही. मी कळू दिलं नाही.

सिस्टर रिटायर झाल्या, मग त्यांचे डोळे अधू व्हायला लागले. अंबाजोगाईला दाखवलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखायची, एवढं सांगितलं. त्या दिवशी त्या वाचनालयात आल्या आणि पहिल्यांदा पुस्तक न बदलता बसून राहिल्या.

"मामा, मला एकच पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "शेवटी न बिघडलेलं एक पुस्तक. डोळ्यांच्या आधी घावंल असं वाटलतं."

दोन वर्षांत राहिलेली नजरही गेली. सिस्टर काठी टेकत यायच्या. एका गुरुवारी म्हणाल्या, "तुमी वाचून दाखवा."

नाही कसं म्हणायचं? तेवीस वर्षांची अब्रू. हाताला येईल ते काढलं, सहाशे बारा नंबर, निळं कव्हर. बाहेर पत्र्याखाली बाकावर बसलो. पहिल्याच ओळीत एक जोडाक्षर आडवं आलं. मी खाकरलो. पुन्हा लागलो. अर्ध्या पानाला चारचे साडेचार झाले.

"छपाई लई बारीक हाय," मी म्हणालो.

"असंल," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परत आल्या, काठी टेकत, एवढ्या उन्हात. मी पुस्तक उघडलं, डोळ्यापुढं धरलं आणि वाचायला लागलो. पण पुस्तकातलं नाही. पुस्तकात काय होतं ते आजही मला माहीत नाही. जे तोंडाला आलं ते सांगत गेलो. आणि तोंडाला आपलंच येतं.

एक गडी होता आणि त्याची बायको. दसरा झाला की दोघं ट्रकात बसून कारखान्यावर ऊस तोडायला जायची. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. गड्यानं तोडायचं, बाईनं मोळी बांधून गाडीपर्यंत डोक्यावर न्यायची. मुकादम विचारणार, किती कोयते? दोन माणसं, पण मोजायचं एक.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "हे पुस्तकात हाय?"

"हाय की."

"बरं झालं. दोन माणसांला एक म्हणायचं. हे कुणी लिवंल असं वाटलं न्हवतं."

मी पुढं वाचलं. गडी लई आडमुठा. एकदा बायको चारचौघांत म्हणाली, तुमचा बुडखा उंच राहतो, मुळाजवळचा ऊस वाया जातो. खरं होतं, पण चारचौघांत म्हणाली. गडी तिच्याशी बोलायचा बंद झाला. एक दिवस नाही, महिनाभर. एका कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहायचं, एका ताटात खायचं आणि शब्द नाही. तीही तसलीच, तिनंही विचारलं नाही. पण झालं काय, ती पाचव्या महिन्याची गरोदर होती आणि उसाचा फड गाडीवाटेपासून लांब होता. गडी बोलायचा नाही, पण तोडलेला ऊस जिथल्या तिथं टाकायच्या ऐवजी कवेत घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत आणून टाकायचा. म्हणजे तिला अर्धंच चालावं लागेल. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी ती मोळी बांधता बांधता म्हणाली, "एवढं लांब कावून आणून टाकता? कंबर मोडंल." गडी म्हणाला, "गप मोळी बांध."

"मंग?" सिस्टर.

"मंग काय. बोलणं सुरू झालं."

सिस्टर हसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना पुस्तकावर चिडून हसताना बघितलं होतं, पुस्तकासाठी हसताना नव्हतं. हसता हसता म्हणाल्या, "मामा, मधी मधी पान उलटत जावा. वाचताना पानाचा आवाज येतो. आज घंटाभर एकाच पानावर हाय तुमी."

माझे कान तापले. म्हातारपणी असं पकडलं जाणं लई वाईट. मी उठायला लागलो. त्यांनी काठी माझ्या पायाला आडवी लावली.

"बसा. तुमाला वाचता येत न्हाई हे मला पहिल्या वर्षीच कळलतं. प्रत्येक पुस्तकाचा शेवट लांबलाय कसा म्हणता तुमी? बसा आन् उलटा पान."

मी बसलो. पान उलटलं. पाच-सहा दिवस असंच चाललं, मी सांगायचो, मधून पान उलटायचो. पोरं झाली, ऊसतोड सुटली, गड्याला वाचनालयात नोकरी लागली. बायको म्हणायची, आता साहेब झाला, बुडखा नीट कापत जा. भांडणं होती, तशी सांगितली. गडी चांगला होता असं मी कुठं म्हणालो नाही.

मग शेवट जवळ आला. मी सांगत होतो, पण आवाज बसत चालला होता. एक दिवस तिच्या पोटात दुखायला लागलं. गडी म्हणाला, वात असंल. ओवा खा, निवंल. चार दिवस म्हणाला. पाचव्या दिवशी...

सिस्टरचा हात चाचपडत आला आणि उघड्या पुस्तकावर पडला. "बास, मामा. इतं थांबा."

"शेवट राहिला की."

"शेवट मला ठावं हाय. उपकेंद्रात तिचा हात माझ्याच हातात व्हता." पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या. मग म्हणाल्या, "तुमी दारात उभे व्हते. आत यायची हिंमत झाली न्हाई तुमाला. तिनं इचारलतं, भायेर हायत का. म्या म्हणले, हायत. मंग तिनं डोळे झाकले. तुमाला आजवर सांगितलं न्हाई, कारण तुमी इचारलं न्हाई."

दारातून आत गेलो नाही म्हणजे मी तिथं नव्हतोच, अशी इतकी वर्षं माझी समजूत होती.

"पुस्तक ठिवा माझ्याकडं आठ दिवस," सिस्टर उठता उठता म्हणाल्या. रजिस्टरमध्ये लिहिलं. सहाशे बारा. त्यांचा अंगठा घेतला नाही, त्यांनी सही केली, ओळ सोडून वर गेली.

आठ दिवसांत त्यांच्या भाचीनं त्यांना अंबाजोगाईला नेलं, आणि त्या तिथंच गेल्या. मातीला मी गेलतो. फार माणसं नव्हती. ज्यांना उलटं धरून रडवलं त्यांच्यातले थोडेच आले.

महिन्यानं भाची पुस्तक परत करायला आली. तिला रीत माहीत नव्हती, तिनं ते सरळ ठेवलं. मी हातात घेतलं तेव्हा कळलं. मागची पानं शिवलेली. किती, मोजली नाहीत. टाके वाकडेतिकडे, कुठं दोन एकाच जागी, कुठं बोटभर मोकळं. बोटांनी चाचपून घातलेले. पण शेवटची गाठ तीच, घट्ट.

खिशात ब्लेड होतं. काढलं नाही.

मीही आता रिटायर झालोय, पण चार वाजता पत्र्याखाली जाऊन बसतो. दुसरीकडं कुठं बसायचं? सहाशे बारा आतल्या कपाटात सगळ्यात वर आहे, नव्या शिपायाला हात लावू देत नाही. परवा एक सून आली, तिच्या सासूनं जुन्या गोष्टी सांगितल्या असतील. म्हणाली, "मामा, शिवलेलं एखादं राहिलंय का?"

"एक व्हतं," मी म्हणालो. "ते बाहेर गेलंय."